लवंगेचं तेल जंतू मारतं म्हणे. नेमकं मारतंय कोण?

रंकाळ्याची_हवा

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी हल्ली ‘इसेन्शियल ऑइल’ विकतात. परवा आमच्याच हॉलमध्ये डेमो झाला. तांब्याएवढं पांढरं यंत्र, त्यात पाणी, पाण्यात चार थेंब आणि वरून धुकं. पाच मिनिटांनी वहिनी म्हणाल्या, "झालं, खोलीतले नव्व्याण्णव टक्के जंतू गेले." कुणी मोजले, हे मी विचारायच्या आत सासूबाईंनी पर्स उघडली होती. लवंगेचं तेल, १० मिली, ६५० रुपये. तेवढ्यात किराणा दुकानातून जवळजवळ अर्धा किलो अख्खी लवंग आली असती, पण ते मी मनातच ठेवलं.

आता माझी गोष्ट. पंधरा दिवस खालची उजवी दाढ ठणकतेय. रात्री कापसाला तेच तेल लावून दाढेत धरलं. ठणका जरा कमी झाला. की कमी झाल्यासारखं वाटलं, देव जाणे. दवाखान्यात जायची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते.

तर या तेलांत नक्की असतं तरी काय? आणि ती खरोखर जंतू मारतात, की छान वास आला म्हणून आपल्याला स्वच्छ वाटतं?

मीच_तो

मारतात. किमतीनं माणूस पण मारतात.

आजीचा_बटवा_२

अगं, लवंग, ओवा, कापूर, वेखंड ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची औषधं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं शेक-शेगडी केली, ओवा-शेपाची धुरी दिली. बाळाला सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकायची. यंत्रबिंत काही लागलं नाही. मात्र तेलाच्या बाटल्या तेव्हा घरात नसायच्या, असायचा तो ओवाच. हे तेल प्रकरण फार तीव्र असतं असं मला वाटतं. जाणकार सांगतीलच.

विज्ञान_मास्तर

जाणकार नाही, निवृत्त मास्तर आहे. तीस वर्षं गारगोटीकडं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळं सुरुवात नावापासूनच करणार. ‘इसेन्शियल’ म्हणजे इथं ‘अत्यावश्यक’ नव्हे. एसेन्स, म्हणजे अर्क, त्यावरून ते नाव पडलं. विकणारे पहिला अर्थ कानावर पडू देतात आणि गप्प बसतात.

दुसरं, ही खरं म्हणजे तेलंच नव्हेत. शेंगदाणा, करडई, खोबरेल, कडुनिंबाच्या बियांचं तेल, ही सगळी चरबीची कुळी. ती उडून जात नाहीत. लवंग, ओवा, निलगिरी, गवती चहा यांचे अर्क हे उडून जाणारे छोटे रेणू. पाण्यात मिसळत नाहीत एवढ्यापुरतं ‘तेल’. कागदावर शुद्ध निलगिरीचा थेंब टाका, काही वेळानं डाग नाहीसा होतो. खोबरेलाचा टाका, नातवंडं मोठी होईपर्यंत राहतो.

आत काय असतं? बहुतेकांत टर्पीन नावाचं घराणं. आयसोप्रीन हा पाच कार्बनचा तुकडा, असे दोन जोडले की दहा कार्बनचे मोनोटर्पीन, तीन जोडले की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन. या रेणूंचा गुंता सोडवणाऱ्या ऑटो वालाख यांना १९१० सालचं नोबेल मिळालं. एकेका तेलात पन्नास-शंभर घटक सहज असतात, पण मिरवतात एक-दोघंच. निलगिरीत सिनिओल, ७० टक्क्यांच्या वर. गवती चहात सिट्रॅल, ७०-८० टक्के. संत्र्याच्या सालीत लिमोनीन, नव्वदीच्या पुढं. ओव्यात थायमॉल, साधारण ३५ ते ६० टक्के. लवंग या घराण्यातली नव्हे. तिचं युजेनॉल वेगळ्या वाटेनं तयार होतं, आणि ते तेलात ७० ते ९० टक्के असतं.

थायमॉल २३२ अंशांना उकळतं. मग वाफेवर तेल कसं निघतं? पाणी आणि तेल दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, म्हणून शंभराच्या आतच दोघं हातात हात घालून बाहेर पडतात. हे शिकवताना मागच्या बाकावर दरवर्षी एक तरी हसायचा.

अर्धा_पुणेकर

सर, हातात हात घालून म्हटल्यावर हसणारच की. हलकेच घ्या.

सुगंधी_सल्लागार

मी स्वतः ही तेलं वापरते आणि इतरांना सुचवते, त्यामुळे माझ्यावर दगड पडणार हे माहीत आहे. पण प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे की लवंग, ओवा, दालचिनी आणि टी ट्री तेलं जीवाणू मारतात. हे कुणी नाकारू शकत नाही. मग घरात फवारलं तर मरणार नाहीत का? सगळं रसायनांचं तेवढं खरं आणि निसर्गाचं खोटं, असं का?

पेट्रीडिश

सुगंधीताई, दगड नाही, पण थाळ्या माझ्याकडे आहेत. शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं तेव्हा माझा प्रकल्प हाच होता. सध्या एका मसाल्याच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे.

तुमचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. अगर म्हणजे जंतू वाढवायची जेली. जंतू पेरलेल्या अगरच्या थाळीवर कागदाची गोल चकती, चकतीवर १० मायक्रोलिटर ओव्याचं तेल, रात्रभर ३७ अंशांना. सकाळी उघडलं की चकतीभोवती स्वच्छ काचेसारखं वर्तुळ, बाकी सगळीकडे दुधाळ साय. स्टॅफिलोकोकस या जीवाणूवर ओवा आणि लवंग दोन्ही जबरदस्त चालले. ई. कोलायवर जरा कमी. स्यूडोमोनासनं मात्र तोंडाला पानं पुसली, चकतीला टेकून वाढला पठ्ठ्या.

कारण सांगते. जंतूच्या पेशीला चरबीचा पातळ पडदा असतो. युजेनॉल, थायमॉल हे रेणू तेलकट, म्हणून त्या पडद्यात सहज शिरतात आणि तो ढिला करतात. आतलं पोटॅशियम झिरपून जातं, बाहेरचं आत येतं, ऊर्जा तयार करायची यंत्रणा बंद पडते. तडा गेलेल्या हंड्यासारखी गत. थायमॉल आणि युजेनॉलच्या कड्याला एक हायड्रॉक्सिल गट असतो, तो या कामात महत्त्वाचा. ओव्याच्याच तेलात पॅरा-सायमीन असतं, त्याला तो गट नाही, म्हणून एकट्यानं ते फारसं काही करत नाही. पण पडदा फुगवून दुसऱ्यांना वाट करून देतं. घरफोडीत दाराला टेकून उभा राहणारा एक असतो, तसं.

ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांच्या अंगावर आणखी एक बाहेरचं कवच असतं, ते तेलकट रेणूंना आत येऊ देत नाही. स्यूडोमोनास तर आत आलेलं पंपानं उपसून बाहेर फेकतो. त्यामुळं ‘सगळे जंतू’ हा शब्द कुणी वापरला की मी विचारते, कुठला?

आता तुमचं दुसरं वाक्य, फवारणीचं. हिशेब करू. थाळीत झाकणाखाली पन्नास-साठ मिली हवा असते आणि त्यात थेंबाचा पाचवा हिस्सा तेल. धागाकर्तीचा हॉल १२ बाय १५ आणि उंची १० फूट धरली तर ५१ हजार लिटर हवा. त्यात चार थेंब, म्हणजे ०.२ मिली. थाळीपेक्षा जवळजवळ पन्नास हजार पट पातळ झालं. वर पंखा, उघडी खिडकी, आणि रंकाळ्याची हवा.

मीच_तो

शेवटचे तीन शब्द वाचून धागाकर्तीनं मनाला लावून घेऊ नये.

रंकाळ्याची_हवा

नाही घेतलं. पण सासूबाईंना पन्नास हजार पट वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "वास तर आला की!" आता बोला.

सुगंधी_सल्लागार

गणित पटलं, हे मान्य करते. पण वासानं मन शांत होतं, झोप लागते, हे तरी नाकारू नका.

पेट्रीडिश

नाकारत नाही. मी स्वतः उशीजवळ वाळ्याची जुडी ठेवते. फक्त त्याला ‘निर्जंतुकीकरण’ म्हणू नका एवढंच.

हौद्यातला

भावांनो, माझं जरा ऐका. आमच्या तालमीत हौद्याची, म्हंजे कुस्तीच्या आखाड्याची, माती तयार करायची तर सण असायचा. तांबडी माती चाळून घ्यायची, मग त्यात हळद, लिंबाचा रस, कापूर, तेल, ताक, काही ठिकाणी तूप पण. वस्ताद सांगायचे, यानं अंगाला काही होत नाही, जखम चिघळत नाही. कापराचा वास पहाटे गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. आता कान मोडलाय, कुस्ती सुटलीय, पण तो वास आला की अजून दंड शिवशिवतात.

प्रश्न असा की त्या मातीनं खरंच जंतू मरत होते का? कारण गजकर्ण आम्हाला सगळ्यांनाच व्हायचं. एकाला झालं की आठवड्यात अख्ख्या तालमीला.

विज्ञान_मास्तर

पैलवान, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तर आहे. ट्रकभर मातीत किलो-दोन किलो कापूर, तो पण उघड्यावर. कापूर घन अवस्थेतूनच उडून जातो, म्हणून तर गल्लीच्या तोंडापर्यंत वास. मातीत राहिला किती? हळदीचं म्हणाल तर पिवळं करणारं कर्क्युमिन उडत नाही, ते मातीत राहतं; पण हळदीच्या वाफेवर काढलेल्या तेलात ते नसतंच, तिथं टर्मेरोन असतात. लिंबाच्या आंबटपणाचा थोडा उपयोग होत असेल. ताकातेलानं माती मऊ राहते आणि अंग सोलवटत नाही, हा फायदा मोठा. कातडी फाटली नाही तर जंतू शिरणार कुठून?

अवांतर: आज देवघरात जाळतो तो बहुतेक कापूर झाडाचा नसतो, टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात बनतो. आणि जुन्या काळी सिनेमाची फिल्म ज्या सेल्युलॉइडची असायची, त्यातही कापूर असे. नायट्रोसेल्युलोजला लवचीक करायला. म्हणजे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी आपल्या कोल्हापुरात उभी राहिली तेव्हा कॅमेऱ्याच्या पोटातही कापूर होता.

हौद्यातला

मास्तर, नाद खुळा. कुस्ती आणि पिक्चर एकाच डबीत घातलात.

त्वचा_आणि_इतर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्यातच. गजकर्णाचा विषय निघाला म्हणून लिहिते. गजकर्ण ही बुरशी आहे, जीवाणू नव्हे. अनेक सुगंधी तेलं बुरशीवर प्रयोगशाळेत चालतात, टी ट्रीमधलं टर्पिनेन-४-ऑल त्यात पुढं आहे. पण माझ्याकडे येणारे पेशंट दोन प्रकारचे. पहिले, मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून सहा महिने लावलेले. खाज जाते, बुरशी आत पसरते. शिवाय गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नेहमीच्या टर्बिनाफिन गोळीला दाद न देणारी बुरशी वाढलीय. दुसरे, गजकर्णावर शुद्ध तेल चोळून कातडी भाजून घेतलेले.

मागच्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी आली. पिंपलवर टी ट्री तेल बाटलीतून थेट लावलेलं, रोज दोनदा, तीन आठवडे. पिंपल होते तसेच आणि भोवती लाल चट्टे. याच तेलाचा ५ टक्क्यांचा जेल १९९० साली ऑस्ट्रेलियात बेंझॉइल पेरॉक्साइड या पिंपलच्या नेहमीच्या औषधाशी ताडून पाहिला होता. पिंपल कमी झाले होते, फक्त उशिरानं, आणि जळजळ कमी होती. पाच टक्के, शंभर नव्हे. तेल जुनं असेल तर आणखी त्रास. लिमोनीन, लिनॅलूल हवेशी संयोग होऊन जी द्रव्यं तयार होतात, त्यांची ॲलर्जी मूळ तेलापेक्षा जास्त येते. उघडी बाटली खिडकीत ठेवून वर्षभर वापरू नका.

आजीचा_बटवा_२

बघा, मी म्हटलंच होतं तीव्र असतं.

मुलांचं पण कुणीतरी लिहा गं. आमच्या नात्यात दोन वर्षांच्या मुलानं निलगिरीची बाटली तोंडाला लावली होती. अर्ध्या तासात मूल पेंगायला लागलं. आजोबांनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न केला, दवाखान्यात त्याबद्दल बोलणी खाल्ली. मूल वाचलं, पण आमच्या अंगावर अजून काटा येतो.

त्वचा_आणि_इतर

बोलणी बरोबर खाल्ली. उलटी काढायची नाही, तेल श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना. निलगिरी आणि कापूर, दोन्ही चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर चोळू नका, श्वास अडकू शकतो. मांजर असेल तर टी ट्री तेल तिच्यापासूनही लांब. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही.

शाहूपुरीकर

२०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरलं तेव्हा भिंतीवर गाळाची रेघ आणि सगळीकडे तो कुजका वास. महापालिकेनं ब्लीचिंग पावडर दिली, आम्ही फिनेल आणलं. त्यातच एक लांबचे नातेवाईक मदतीला म्हणून सिट्रोनेला तेलाच्या चार बाटल्या घेऊन आले. राग पण आला आणि हसू पण. फोटो ओले, गाद्या फुगलेल्या, आणि हे म्हणतात, थेंब टाका.

पण एक विचारतो. पांढरं फिनेल आणि ही तेलं यांच्यात काही नातं आहे का? दोन्ही पाण्यात टाकली की दुधासारखं होतं.

पेट्रीडिश

आहे, आणि जवळचं आहे. पांढऱ्या फिनेलात पाइन तेल असतं, त्यातला मुख्य गडी टर्पिनिऑल. तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं, त्यामुळं बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि दूध दिसतं. काळं फिनेल वेगळं, ते डांबरापासून. म्हणजे सुगंधीताई, निसर्गाचं तेल आपण रोज लादीवर वापरतोच. बादलीच्या प्रमाणात, फडक्यानं घासून. पुराच्या गाळावर मात्र तेही पुरत नाही. गाळात सेंद्रिय घाण एवढी असते की तेल तिलाच चिकटून बसतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. आधी गाळ काढून घासायचं, मग ब्लीचिंग. आणि ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

खाण्याचं पण असंच. लोकांना वाटतं मसाल्यानं जेवण टिकतं. आमच्याकडे येणाऱ्या मिरी-मिरची-हळदीच्या पोत्यांत जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, भरपूर असतात, म्हणून तर मसाला वाफेनं शुद्ध करावा लागतो. बीजाणूंना ही तेलं जुमानत नाहीत. आणि तांबड्या रश्श्यावर तेलाचा तवंग असला की लवंगेचं युजेनॉल त्या तवंगात विरघळून बसतं. कांदा-लसूण मसाला कितीही जाळ असला तरी रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवू नका.

अर्धा_पुणेकर

कोल्हापुरात रस्सा रात्रभर उरतो? धागा काल्पनिक आहे.

जोतिबाचा_नाद

इतकं सगळं झालं आणि दवण्याचं नाव कुणी घेतलं नाही? चैत्रात जोतिबाला दवणा वाहतो आपण. डोंगरावर गुलाल, खोबरं आणि दवण्याचा वास, डोळे मिटले तरी कळतं कुठं आलोय ते. माझी आई वाळलेला दवणा कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची, कसर लागत नाही म्हणून. त्याचंही तेल निघतं का?

विज्ञान_मास्तर

निघतं, आणि अत्तरवाल्यांत त्याला मान आहे. वनस्पती आर्टेमिसिया पॅलेन्स, दक्षिण भारतात तेलासाठी शेती होते. मुख्य घटक दवनोन. नावातच दवणा बसलाय बघा. पंधरा कार्बनवाला आहे, म्हणून निलगिरीसारखा भुर्रकन उडत नाही, ट्रंकेत टिकतो. वास थोडा फळासारखा गोड. चांगभलं.

जोतिबाचा_नाद

चांगभलं! आईला सांगतो, तिच्या ट्रंकेत दवनोन होतं म्हणून.

आजीचा_बटवा_२

मास्तर, अमृतधारेबद्दल सांगा ना. आमच्याकडे घरीच करायचे वडील.

विज्ञान_मास्तर

कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल, समभाग. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचे खडे. मी वर्गात दरवर्षी करून दाखवायचो. काचेच्या कोरड्या बाटलीत तिन्ही पांढरे खडे टाकायचे, बूच लावायचं, हलवायचं. पाणी नाही, उष्णता नाही. आधी खड्यांच्या कडा ओल्या होतात, मग बाटलीच्या तळाला ओल, आणि मुलांची हजेरी घेऊन होईपर्यंत सगळ्याचं पाणी. थायमॉल एकटं ५० अंशांना वितळतं, मेंथॉल चाळिशीच्या थोडं वर, कापूर १७५ च्या पुढं. पण एकत्र आले की कुणालाच आपल्या रांगेत उभं राहता येत नाही, वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्या खाली जातो. मागच्या बाकावरचा हसणारा त्या दिवशी पुढं यायचा.

थायमॉल आणि मेंथॉल, त्यात निलगिरीचं सिनिओल आणि मिथाइल सॅलिसिलेट घाला की लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधाचे चार घटक झाले. ते १८७९ पासून आहे, प्रमाण मात्र प्रत्येकी ०.१ टक्क्याच्याही खाली.

किडका_दात

शेवटी माझ्या प्रांतात आलात. मी दाताचा डॉक्टर. धागाकर्ती, तुमची दाढ सगळे विसरले वाटतं.

लवंगेचं तेल ठणक्यावर चालतं, कारण युजेनॉल नस बधिर करतं. जंतूंमुळं नव्हे. कीड दाताच्या आत खोल असते, तिथं कापसाचा बोळा पोचत नाही. म्हणजे ठणका कमी होतो आणि कीड निवांत खात राहते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे कधी कधी ठणका एकदम थांबतो. लोक खूश होतात. बऱ्याचदा तेव्हा नस मेलेली असते, आणि महिन्याभरानं गाल सुजून माझ्याकडे येतात.

आणि शुद्ध तेल हिरडीला लागलं की हिरडी पांढरी पडते, भाजते. असे दोन-तीन पेशंट दरवर्षी असतातच. तुमची हिरडी भाजली नाही ना?

रंकाळ्याची_हवा

नाही डॉक्टर, काहीच नाही. चुरचुरलं पण नाही फारसं.

पेट्रीडिश

चुरचुरलं नाही? ६५० च्या शुद्ध लवंग तेलानं?

ताई, एक करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, तेलाचा थेंब टाका. युजेनॉल पाण्यापेक्षा जड, शुद्ध लवंग तेलाची घनता १.०४ ते १.०६. बुडायला पाहिजे. छोटा थेंब पृष्ठभागावर अडकून राहतो, म्हणून सुईनं टोचा. आणि मास्तरांची कागदाची परीक्षा पण घ्या, तुलनेला मेडिकलमधली छोटी बाटली आणा.

रंकाळ्याची_हवा

आत्ताच आणतो आणि करून बघतो!

अर्धा_पुणेकर

आणतो? बघतो? धागाकर्ती की धागाकर्ता?

शाहूपुरीकर

कोल्हापुरात बाई पण ‘मी येतो’च म्हणते भावा. अर्धाच पुणेकर आहेस ना, उरलेला अर्धा वापर.

रंकाळ्याची_हवा

करून झालं. मेडिकलमधल्या तेलाचा थेंब आधी वरच थांबला. सुई लावली तसा सुटला आणि पिवळसर मण्यासारखा गडगडत तळाला जाऊन बसला. वहिनींच्या तेलाचा थेंब पसरून चकती झाला. सुईनं खाली ढकलला, परत वर. चार वेळा ढकलला, चार वेळा वर. पोराच्या वहीच्या कागदावर दोन्ही लावून रात्रभर ठेवलं. सकाळी मेडिकलवाल्याचा डाग फिकट, वास तेवढा उरलेला. वहिनींच्या डागातून पलीकडची बाराखडी वाचता येते.

मग सासऱ्यांचं भिंग घेतलं. लेबलच्या मागं, घडीत, मुंगीएवढ्या अक्षरात ‘फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल’. किती टक्के ते लिहिलेलंच नाही.

वहिनींना दाखवायला गेले भांडायच्या तयारीनं. त्यांनी भिंगातून वाचलं आणि खुर्चीत बसल्या. कपाट उघडून दाखवलं, १८ हजारांचा माल स्वतःच्या पैशानं भरलेला. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. भांडण राहिलंच, चहा घेऊन आले. गवती चहा घातलेला, कुंडीतला.

सुगंधी_सल्लागार

हे वाचून वाईट वाटलं. माझ्या बाटल्यांची लेबलं आज बघते.

पेट्रीडिश

सुगंधीताई, मान गए. आणि पातळ करून विकणं हा गुन्हा नाही, कातडीसाठी ते बरंच. फक्त पुढच्या बाजूला ‘शुद्ध’ छापू नये. बुडालं म्हणजे अस्सल असंही नाही बरं का. वेगळं विकत आणलेलं युजेनॉल मिसळलं तरी बुडणारच. ते गॅस क्रोमॅटोग्राफीशिवाय, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीशिवाय, पकडता येत नाही.

किडका_दात

आणि दाढ?

मीच_तो

दाढ?

हौद्यातला

ताई, दाढ? पैलवानाला पण खुर्चीत बसल्यावर घाम फुटतो, त्यात लाजायचं काय.

रंकाळ्याची_हवा

गेले शेवटी. रूट कॅनलची पहिली बैठक झाली.

दवाखान्याचं दार उघडलं आणि तोच वास. लहानपणापासून ज्या वासाला घाबरून पळत होते तो लवंगेचा होता, हे या वयात कळलं. तिथल्या ताईंनी काचेच्या जाड तुकड्यावर पांढरी पूड घेतली, तपकिरी बाटलीतले दोन थेंब टाकले आणि चपट्या पात्यानं घोटघोट घोटलं, कणीक तिंबावी तसं. म्हटलं विचारावंच. तोंड उघडं, गाल बधिर, कसंबसं म्हटलं, "युजेनॉल?"

डॉक्टरांचा हात थांबला. म्हणाले, "हो, झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल, तात्पुरतं भरायला. कुठं शिकलात?"

तोंडात एवढं सगळं होतं, सांगता आलं नाही.

गल्लीतला_नवा

वरचं सगळं वाचलेलं नाही. डासांसाठी कुठलं तेल चांगलं?